एकास बारा

१
खोक्यावर छापले आहे: वय १४ वर्षे आणि पुढे. आत बाहुलीघर.

२
भाच्याने अमेरिकेहून आणले. विमानतळावर विचारले, "यात काय आहे?" तो म्हणाला, "घर." पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

३
घर सपाट असते. प्लायचे तक्ते, एकेका तक्त्यात भिंती, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी अर्ध्यामुर्ध्या कापून तशाच अडकवून ठेवलेल्या. पहिल्या उत्साहात सगळे भाग सुटे करावेसे वाटतात. जाणकार सांगतात, नको. क्रमांक तक्त्यावर असतो, सुट्या भागावर नसतो. डावी कमान आणि उजवी कमान यांतला फरक दीड मिलिमीटरचा, तोही जोडायला घेतल्यावर कळणारा.

४
माप: फुटाला इंच. म्हणजे एकास बारा. बाहुलीघरांच्या जगात सर्वांत जास्त चालणारे माप हेच. याहून लहान हवे तर एकास चोवीस, एकास अठ्ठेचाळीस. एकास एकशे चव्वेचाळीस म्हणजे बाहुलीघरातल्या मुलीचे बाहुलीघर.

शाळेत आपण सेंटिमीटर शिकलो. फ्लॅट चौरस फुटांत घेतला, प्लाय आठ बाय चारचा आणला. त्यामुळे हे माप परके वाटत नाही.

५
दाराच्या दुरुस्तीला आलेले सुतार टेबलाशी थांबले. भिंतीचा तुकडा चिमटीत धरला. "ताई, ही एक सुताची."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टी लावून पाहिली. एक सूत.

एकास बाराच्या हिशेबाने दीड इंच. दीड इंच जाडीची बाहेरची भिंत आणि तिच्यावर दोन मजले. नऊ इंची वीटभिंत खरी दाखवायची तर सहा सूत हवे.

"सहा सुतात तुमचं कपाट केलं मी," सुतार म्हणाले.

६
वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एकास बाराला चौरस फुटाचा चौरस इंच होतो. म्हणजे १६० चौरस इंच. १६ बाय १०. ए-फोर आकाराचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर ते जास्त जागा घेतात.

किटमधला नुसता व्हरांडा एका कागदाएवढा आहे.

७
खऱ्या घरात आधी भिंती, मग रंग. इथे आधी रंग, मग भिंती. छत टेबलावर उताणे पडलेले असते, आपण खुर्चीत बसून रंगवतो. वॉलपेपर लावायचा, त्याखालून दिव्यांच्या तारा न्यायच्या, जिना बसवायचा आणि मग तिसरी भिंत. तिसरी भिंत उभी राहिली की जिन्यामागे ब्रश जात नाही, बोटही जात नाही.

बिल्डरला ही पद्धत कुणी सांगू नये.

८
गोंद लावण्याआधी अख्खे घर कोरडे जोडून पाहायचे, कागदी चिकटपट्टीवर उभे करायचे, चारी बाजूंनी बघायचे आणि परत उतरवायचे. सूचनापुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. लग्न ठरवतानाही पूर्वी असे काहीसे करत.

९
पावसाळ्यात पातळ प्लाय एका बाजूने रंगवला तर दुसऱ्या दिवशी पन्हळ तयार. दोन्ही बाजूंना अस्तर द्यायचे, मग सपाट फळीवर ठेवून वर वजन. वजनासाठी मराठी विश्वकोशाचे खंड उत्तम. कुठलाही खंड चालतो.

१०
आम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमान यांनी १६८६ च्या सुमारास बाहुलीघर मांडायला घेतले. त्या लहान मुलगी नव्हत्या. रेशमाच्या व्यापाऱ्याच्या पत्नी होत्या. कपाटाच्या आत खोल्या. फर्निचर खऱ्या कारागिरांकडून, चिनी मातीची इवली भांडी थेट चीनला ऑर्डर देऊन. एकूण खर्च वीस ते तीस हजार गिल्डर. तेवढ्यात त्या काळी कालव्याकाठी खरे घर येत असे.

कपाट आता राइक्सम्युझियममध्ये आहे.

११
आता अख्खे घरच चीनहून येते. एकास चोवीस, लेझरने कापलेले, सोबत चिमटा, दिव्याची तार आणि न सुकणारा गोंद.

१२
लेझरने कापलेल्या भागाच्या कडा करपून तपकिरी होतात. साच्याने दाबून कापलेल्या भागाच्या कडांना कुसळे येतात. दोन्हीला उपाय एकच: पॉलिशपेपर. १२० नंबरने सुरुवात, २२० ने शेवट. घर बांधण्यातला बराचसा वेळ घर घासण्यात जातो.

१३
ऊर्टमानबाईंच्या बाहुलीघराचे एक तैलचित्र आहे, याकोब आपेल यांनी सुमारे १७१० मध्ये काढलेले. चित्रातल्या खोल्यांत बाहुल्या आहेत. प्रत्यक्ष घरातल्या बहुतेक बाहुल्या हरवल्या. खुर्च्या आहेत.

१४
सूचनापुस्तिकेत शेकोटीला पूर्ण पान. स्वयंपाकघराला काही नाही. ती नुसती एक रिकामी खोली.

पुण्यात शेकोटी कशाला? तिथे देवघर केले. कोनाड्याची उंची तीन इंच, म्हणजे तीन फूट. देव्हारा चपखल बसला. समई म्हणजे पितळी टाचणीवर ओवलेले तीन मणी. शेकोटीच्या वरची फळी होती तशी ठेवली. तिच्यावर गंगेचा गडू.

धुराडेही होते तसेच ठेवले. उदबत्तीचा धूर जाईल.

१५
"मुख्य दार कुठल्या दिशेला?" शेजारच्या काकूंनी विचारले.

रंगवायला सोपे जावे म्हणून घर फिरत्या पाटावर ठेवलेले असते. त्यांना हवी ती दिशा दाखवली.

१६
इंग्रजी बाहुलीघर पुढून उघडते: दर्शनी भिंत बिजागरीवर, दार बंद केले की सगळे झाकलेले. अमेरिकन बाहुलीघर बहुधा मागून उघडेच असते. पुढून रस्त्याला शोभा, मागून कुणीही बघा.

चाळ दोन्हीकडून उघडी.

१७
एडविन लुटियन्स १९२१ नंतर एकाच वेळी दोन घरे बांधत होते. एक रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयसाठी, ३४० खोल्यांचे. दुसरे राणी मेरीसाठी, एकास बारा. दुसऱ्यात चालणारी लिफ्ट, नळाला पाणी, तळघरात खरी वाइन. ते १९२४ मध्ये पुरे झाले आणि वेंब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून पाहिले. पहिल्याला १९२९ उजाडले.

मोठे घर ब्रिटिश सत्तेच्या हातून १९४७ मध्ये गेले. छोटे अजून राजघराण्याकडेच आहे, विंडसरला.

१८
राणीच्या बाहुलीघरातल्या ग्रंथालयासाठी लेखकांकडून स्वहस्ताक्षरातली इवली पुस्तके मागवली. कॉनन डॉयल यांनी वॉटसनची गोष्ट लिहून दिली. हार्डी, किपलिंग यांनीही मजकूर दिला. बर्नार्ड शॉ यांनी नकार दिला.

मानधनाचा उल्लेख कुठे दिसत नाही.

१९
पाणी लहान होत नाही. नळ बारापट लहान करता येतो, थेंब नाही. चार मिलिमीटरचा थेंब बाहुलीच्या हिशेबाने जवळजवळ पाच सेंटिमीटरचा. आगही लहान होत नाही. धूळही नाही: आठवडाभर घर झाकले नाही तर बाहुलीच्या घरात आपल्या घरातलीच धूळ बसते, बारापट जाड.

२०
कापडही नाही. पडदा बेताचा कापला तरी पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो, कारण धागा तोच आणि वजन नाहीसे झालेले. उपाय: धुऊन धुऊन विरलेल्या सुती साडीचा तुकडा, पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवायचा, थर्मोकोलवर पसरायचा, टाचण्यांनी एकेक चुणी धरायची आणि रात्रभर सोडून द्यायचा. सकाळी टाचण्या काढल्या की पडदा वाऱ्याची वाट बघत असल्यासारखा दिसतो. हलत मात्र नाही.

२१
फळीवरच्या बरण्या: खसखस घातली की शेंगदाणे. मोहरी घातली की सुपाऱ्या. रवा घातला की साबुदाणा. साबुदाणा घातला की बटाटे.

२२
रव्याला मुंगी लागली. तीन मिलिमीटरची मुंगी, म्हणजे त्या घरातले झुरळ.

२३
तुळशीबागेत पितळी भातुकली अजून मिळते. बंब, जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता, शेगडी, चकलीचा सोऱ्या. कारागिराने प्रत्येक वस्तू जमेल तेवढी लहान केलेली आहे, एकमेकींना विचारून नाही. बंब एकास दहा, वाटी एकास चार, खलबत्ता बंबाहून उंच. दुकानदाराला पट्टी लावून मापे सांगितली तर तो म्हणतो, "ताई, खेळायला हवीत ना?"

भातुकलीत खरे चुरमुरे वाढतात आणि खातात. बाहुलीघरातली पोळी पॉलिमर क्लेची असते. तिच्यावर भाजल्याचे डाग ब्रशने काढलेले असतात.

२४
दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो. वाघ तोफेएवढा. पायथ्याच्या शेतातले अळीव उगवले की पहारेकऱ्याच्या डोक्यावरून जातात. बक्षीस समितीत आजवर कुणी मोजपट्टी काढलेली नाही.

२५
बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे एकास सहाची. या घराच्या दारातून ती कमरेपर्यंत आत येते. भाचीच्या मुलीने तिला व्हरांड्यात आडवी निजवली आणि माझ्याकडे पाहिले. "मावशीआजी, हिला आत घेणार नाही का?"

२६
छप्पर. किटसोबत लाकडी चपट्या शेकडोंनी येतात. एकेक चिकटवायची, खालून वर, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर थोडी चढवत. पाण्यातला गोंद लावला तर त्या वळतात. त्या बाजूला ठेवल्या आणि कौले केली.

पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलायचा. खाली नाळ्यांचा पन्हळ उघडा पडतो. तो वाळवून सव्वा-सव्वा इंचांच्या पट्ट्या कापायच्या. रंग एकसारखा द्यायचा नाही: गेरू, त्यात कुठे काळपट, कुठे नारिंगी, दोन-चार कौले इतकी नवी की नुकतीच बदललेली वाटावीत. वळचणीला थोडा हिरवा. शेवाळ उत्तरेकडे जास्त.

बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. अमेरिकन छपराला उतार बर्फासाठी दिलेला असतो. कोकणात तोच पावसाला चालतो.

२७
ओल काढण्याची कृती. कॉफीचे पाणी, अगदी पातळ. छताच्या कोपऱ्यात एक थेंब सोडायचा आणि हात लावायचा नाही. थेंब कडेकडून वाळतो, तसा रंग वाहत वाहत कडेला जमा होतो. मध्ये फिकट, काठाला गडद रेघ. वाळल्यावर त्याच्या थोडे आत दुसरा थेंब. मग तिसरा. दर पावसाळ्याची एक रेघ. वर पांढऱ्या खडूची पूड बोटाने टिपायची: फुललेला क्षार. काठावर रंगाचा पापुद्रा नखाने किंचित उचलायचा.

पलीकडच्या खोलीत खऱ्या छतावरची ओल घालवायला रंगारी आला आहे. दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "हे कसं काढलं?" त्याला दोन्हीपैकी कुठले म्हणायचे होते हे स्पष्ट झाले नाही.

२८
शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमती थॉर्न यांच्या ६८ खोल्या आहेत, एकास बारा. टेबलावर चष्मा, उघडे पुस्तक. माणूस एकही नाही.

फ्रान्सिस ग्लेसनर ली याही शिकागोच्याच. त्यांनी १९४० च्या दशकात खोल्या केल्या, त्याही एकास बारा. त्यांत माणसे आहेत, मेलेली. पोलिसांना तपास शिकवण्यासाठी: रक्ताचे डाग कुठे, खिडकीची कडी आतून की बाहेरून, चुलीवर काय राहिले. बाहुलीचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. १८ देखावे बाल्टिमोरला वैद्यकीय तपासनिसांच्या कार्यालयात आहेत. उत्तरे गुप्त ठेवतात, कारण शिकवणे अजून चालू आहे.

२९
सिलिंडर: लिपबामची रिकामी नळी, लाल रंग, वर तारेची कडी. उंची जुळते, वजन जुळत नाही. फुंकर मारली की लवंडतो. लांबी बारापट कमी केली की वजन १७२८ पट कमी व्हायला हवे. १४.२ किलो गॅस म्हणजे सव्वाआठ ग्रॅम. टाकीचे वजन वेगळे. तळाशी बेअरिंगचे छर्रे भरले. आता उभा राहतो.

३०
बुधवार पेठेतून तीन व्होल्टचे दिवे आणि बटण सेल आणले. सोमवारी संध्याकाळी लाइट गेली. एका घरातली.

३१
कठड्याचा एक खांब खोक्यात नव्हताच. तक्रारीला उत्तर आले: पावती जोडा, भागाचा क्रमांक कळवा. न आलेल्या भागाला क्रमांक कुठला? दातकोरणी तासून खांब केला. पाहुण्यांना ओळखायला सांगते; सगळे दुसऱ्याच खांबावर बोट ठेवतात.

३२
इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' १८७९ चे. अनंत काणेकरांनी त्याचे मराठीत 'घरकुल' केले. नाटकाचा शेवट दार लागल्याच्या आवाजाने होतो.

किटमध्ये सर्वांत आधी निकामी होते ती पुढच्या दाराची बिजागरी. आवाज होत नाही.

३३
सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहिले. बराच वेळ पाहिले. "पार्किंग?" म्हणाले.

३४
माहीत असलेले सर्वांत जुने बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त याने १५५७-५८ मध्ये करवून घेतले. म्युनिकच्या राजवाड्याला १६७४ मध्ये आग लागली, त्यात ते गेले. आत काय काय होते हे तरीही कळते, कारण १५९८ मध्ये कुणीतरी बसून संग्रहाची यादी केली होती.

३५
यादी.

खोल्या: ५. जिने: १. खिडक्या: १२, पैकी उघडणाऱ्या २.
देव्हारा: १. समई: १. गडू: १.
पाण्याचे पिंप: १, झाकण वेगळे.
सिलिंडर: २ (एक भरलेला).
कपडे वाळत घालायची दोरी: १. चिमटे: ६. पंचा: १.
दाराबाहेर चपला: ३ जोड, एक सुटी.
तुळस: १. वृंदावनाला गेरू.
भिंतीवर कालनिर्णय: १, चालू महिन्याचे पान.
पिशव्यांची पिशवी: १, दारामागे.
ओल: वरच्या खोलीत, ईशान्य कोपरा.
शेकोटी: नाही. धुराडे: १.